‘प्रोजेक्शन’साठी ‘प्रक्षेपण’ चालेल का?

निळी शाई: सस्तन प्राण्यांच्या मेंदूवरचा एक लेख मराठीत आणतेय. थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या आत खोलवरचा एक भाग, कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचं बाहेरचं आवरण. ‘थॅलॅमस कॉर्टेक्सकडे प्रक्षेपण करतो’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्या मैत्रिणीनं विचारलं, “कशाचं प्रक्षेपण? टीव्हीसारखं?” म्हणायचंय एवढंच, की थॅलॅमसमधल्या पेशींचे अ‍ॅक्सॉन (संदेश नेणारे लांब तंतू) कॉर्टेक्सपर्यंत पोचतात. ‘जोडणी’ लिहू?

आडवाट: नको! ‘जोडणी’त दिशा हरवते आणि इथे दिशेलाच महत्त्व आहे. मॅकॅक माकडाच्या कॉर्टेक्समधल्या दृष्टीच्या भागांचा 1991चा प्रसिद्ध नकाशा बघा. 32 क्षेत्रं, 305 जोडण्या. बहुतेक ठिकाणी येणंही आहे, जाणंही आहे, पण वरच्या टप्प्याकडे जाणारे तंतू प्रामुख्याने कॉर्टेक्सच्या चौथ्या थरात संपतात आणि परत येणारे तो थर टाळतात. सगळ्यालाच ‘जोडणी’ म्हटलं की हा फरक पुसला जातो.

पानगळ: लेख एमआरआयवर आधारलेला असेल तर ‘जोडणी’च प्रामाणिक. तिथे पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून तंतूंचे गठ्ठे ओळखतात. संदेश कुठून कुठे जातो ते त्यातून कळतच नाही. दिशा हवी तर रंगद्रव्य किंवा विषाणू टोचून माग काढावा लागतो, आणि ते उंदरांत, माकडांत होतं.

निळी शाई: उंदरांवरचाच आहे. विषाणू टोचूनच.

आडवाट: मग सरळ क्रियापद वापरा. ‘थॅलॅमसचे तंतू कॉर्टेक्सला जातात.’ प्रत्येक नामाला नाम कशाला हवं?

शुद्धमती: क्रियापद ठीक, पण ‘अ‍ॅक्सॉन’ का? ‘अक्षतंतू’ आहे की. आणि कृपा करून ‘मज्जातंतू’ लिहू नका. मज्जा हाडाच्या आत असते. सप्तधातूंत ती अस्थीनंतर येते. मेंदूशी तिचा काय संबंध? ‘चेतातंतू’ म्हणा.

पानगळ: संबंध आहे ना! अ‍ॅक्सॉनवरच्या चरबीयुक्त आवरणाला ‘मायेलिन’ म्हणतात, तो शब्द ग्रीक ‘मायेलॉस’वरून आला, आणि त्याचा अर्थ हाडातली मज्जाच. तिकडेही हीच सरमिसळ झालीय. ‘मज्जातंतू’ घरोघरी रुळलेला शब्द आहे, तो काढायचा कशासाठी?

शुद्धमती: ग्रीकांनी गोंधळ घातला म्हणून आपणही घालायचा का? ‘मज्जारज्जू’ आणि ‘अस्थिमज्जा’ यांची गल्लत करणारे रुग्ण मी रोज पाहते.

आडवाट: माझ्या आईला ‘चेतातंतू’ सांगितलं तर ती दोनदा विचारेल. ‘मज्जातंतू’ एकदाही नाही.

निळी शाई: पुढच्या परिच्छेदात कॉर्पस कॅलोसम आहे. ‘सस्तन प्राण्यांच्या दोन गोलार्धांना जोडणारा पूल’ असं म्हटलंय.

पानगळ: ‘सस्तन’ सरसकट नको. कांगारूसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांत आणि प्लॅटिपसमध्ये कॉर्पस कॅलोसम नसतो, गोलार्ध दुसऱ्या गठ्ठ्यांनी जोडलेले असतात. ‘अपरायुक्त सस्तन’ लिहा.

शुद्धमती: ‘अपरायुक्त’? ‘वारयुक्त’ का नाही? अपरा म्हणजे गर्भाला पोसणारी वारच, आणि वार हा आपला रोजचा शब्द आहे.

आडवाट: आत्ता चालतो का रोजचा शब्द? मग ‘मज्जातंतू’नं काय पाप केलं?