साथीच्या काळात शेतकऱ्यांना मिळालेल्या मदतीची यादी गावाला मिळू शकते का?

प्रश्न (बागायतदार, दापोली तालुका)

नमस्कार. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदी असताना आमच्या वाडीतील काही घरांच्या खात्यांत केंद्राचे दोन हजार रुपये जमा झाले, काहींना मिळालेच नाहीत. 3 जूनच्या निसर्ग चक्रीवादळानंतर बागांची जी भरपाई आली, तिच्याबाबतही तेच घडले. आमचा सातबारा सामाईक आहे. त्यावर चुलते, आत्या आणि मुंबईला असलेली भावंडे अशी बरीच नावे आहेत, त्यामुळे कोणाच्या नावे किती क्षेत्राची रक्कम निघाली हे घरात कोणालाच नक्की सांगता येत नाही आणि भाऊबंदकीत संशय वाढतो आहे. ग्रामसभेत यादी मागितली, तेव्हा ‘ती खासगी माहिती आहे’ असे सांगण्यात आले. शेजाऱ्याचा खातेक्रमांक मला नको आहे, पण सरकारी पैशाचा हिशेब गावाने मागू नये काय?

उत्तर 1 (निवृत्त महसूल कर्मचारी, अलिबाग)

या दोन रकमा वेगळ्या आहेत आणि त्यांची कागदपत्रेही वेगळी आहेत. दोन हजार रुपये पीएम-किसानचे होते. या योजनेत वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांत मिळतात, आणि 26 मार्च 2020 रोजी जाहीर झालेल्या पॅकेजमध्ये त्या वर्षाचा पहिला हप्ता लवकर देण्यात आला. ती वाढीव मदत नव्हती, हे त्या वेळी अनेकांना कोणी समजावूनच सांगितले नाही. 1 फेब्रुवारी 2019 रोजी जमिनीच्या नोंदीत नाव असणे ही अट असल्याने, वारसनोंद रखडलेली कोकणातील पुष्कळ घरे बाहेर राहिली. वादळाची भरपाई मात्र पंचनाम्यावर ठरली. राज्याने फळबागांसाठी हेक्टरी 50 हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले होते. सामाईक क्षेत्र असल्यास इतर खातेदारांचे संमतीपत्र घेतले जाते. तुमच्या घरातील प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच कागदावर असेल, म्हणून आधी त्याची प्रत मागा.

उत्तर 2 (माहिती अधिकाराचे काम करणारा, रत्नागिरी)

माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार अनुदान कार्यक्रमांची अंमलबजावणी, दिलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे. 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने कलम 8(1)(ञ) मधील वैयक्तिक माहितीचा अपवाद अधिक कडक केला आहे हे खरे, परंतु कलम 4 मधील हे कर्तव्य कायम आहे आणि व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची कलम 8(2) ची तरतूदही कायम आहे. तहसील कार्यालयाकडे दहा रुपयांचा अर्ज करून नाव, गट क्रमांक, मंजूर क्षेत्र आणि रक्कम एवढेच मागावे. आधार व बँक खात्याचा उल्लेखही करू नये, म्हणजे नकाराला सबब उरत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर प्रथम अपील करावे. पीएम-किसानची गावनिहाय यादी योजनेच्या संकेतस्थळावर पाहता येत असे, तीही तपासावी. अपात्र व्यक्तींना सुमारे तीन हजार कोटी रुपये गेल्याचे केंद्राने 2021 मध्ये संसदेत सांगितले होते, म्हणून अशी तपासणी करणाऱ्याला कोणी भांडखोर ठरवू नये.

उत्तर 3 (काजू उत्पादक, देवगड)

वरील सल्ला मला मान्य आहे, पण केवळ लाभार्थ्यांची यादी फलकावर लावून भागणार नाही. ज्यांचे अर्ज नाकारले गेले त्यांची कारणे अधिक मोलाची आहेत. सासऱ्यांच्या नावावरील जमीन वर्षानुवर्षे कसणाऱ्या, पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या विधवेला ती यादी पाहून काहीच कळत नाही. वारसनोंद नाही, आधार जुळत नाही की पंचनाम्यात बाग दाखवलीच नाही, हे लेखी कळले तरच तिला पुढची धावपळ कोणत्या कार्यालयात करायची ते समजेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पंचनामा, संमतीपत्र आणि नाकारलेल्या अर्जांची कारणे यांसाठी एक अर्ज, तर पीएम-किसानसाठी दुसरा अर्ज करतो. त्याचबरोबर हा विषय पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, असे ग्रामसेवकांना लेखी कळवतो.