हात काढला की हातगाडी थांबते, मग न्यूटनचा पहिला नियम खरा कसा?

प्रश्न (पालक, सोलापूर)
नमस्कार. माझी मुलगी नववीत असून गतीचे नियम शिकताना तिने विचारलेल्या शंकेचे उत्तर मला देता आले नाही. चादरींच्या गठ्ठ्यांनी भरलेली हातगाडी हमाल ढकलत असतो तोवर सारख्या वेगाने चालते आणि त्याने हात काढला की थोड्याच अंतरावर थांबते. मग एकसमान गतीसाठी बल लागत नाही, हे तिने कसे मानावे? त्वरण शून्य म्हणून ‘बल = वस्तुमान × त्वरण’ या सूत्राने बलही शून्य येते, पण हमाल तर घाम गाळत असतो.

उत्तर (विज्ञान शिक्षक)
तिची शंका रास्त आहे. गॅलिलिओपूर्वी शतकानुशतके विद्वानही असेच मानत होते. सूत्रातले बल एकट्या हमालाचे नसून गाडीवरच्या सर्व बलांची दिशेसह केलेली बेरीज असते. समजा, भरलेली गाडी २०० किलोग्रॅमची आहे, हमाल ६० न्यूटन बल लावतो आणि चाकांचा व रस्त्याचा विरोधही ६० न्यूटनच आहे. तर बेरीज शून्य होते आणि वेग आहे तसाच राहतो. हात काढल्यावर विरोध तेवढा उरतो, म्हणून वेग दर सेकंदाला ०.३ मीटर प्रतिसेकंदाने घटतो. आधीचा वेग १.२ मीटर प्रतिसेकंद असेल, तर गाडी ४ सेकंदांत, २.४ मीटर पुढे जाऊन थांबेल. ती थांबते ती बल संपल्यामुळे नव्हे, तर विरोधाचे बल उरल्यामुळे.

उत्तर (यंत्रमागावर काम केलेले वाचक)
मुलीला मागावरचा धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग, दाखवावा. काठीचा फटका क्षणभरच बसतो, तरीही धोटा पन्हा (कापडाची रुंदी) ओलांडून पलीकडच्या पेटीत जातो. फटक्याचे बल त्याच्यात भरलेले असते, ते पुरेपर्यंत तो धावतो.

उत्तर (विज्ञान शिक्षक)
उदाहरण उत्तम आहे, दादा, आणि मी ते वर्गात नक्की सांगेन. फक्त शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, कारण बहुतेक मुले नेमकी तिथेच अडतात. बल वस्तूत साठून राहत नाही. काठी सुटताच पुढे ढकलणारे बल संपते. उरतो तो फटक्याने मिळालेला वेग, जो वाटेतल्या घर्षणाने किंचित घटतो आणि पलीकडची पेटी धोट्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरते तेव्हा शून्य होतो.

प्रश्नकर्ते पालक
आभारी आहे, सर. रविवारी तिला शेजारच्या कारखान्यात धोटा दाखवायला नेतो आणि त्यावर कोणकोणती बले आहेत, हे तिलाच कागदावर काढायला सांगतो.