एफ-१, एफ-१-बी, एफ-२: नक्की कुठल्याचे केस गळत नाहीत?

रानजाई

नमस्कार मंडळी. डोकं पार भंजाळलंय, म्हणून इथे विचारते.

घरात पिल्लू आणायचं ठरतंय. गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल या दोन जातींच्या कुत्र्यांचा क्रॉस, म्हणजे गोल्डनडूडल. अडचण अशी की नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी आहे. दमा वगैरे नाही, पण शिंका सुरू होतात आणि डोळे चुरचुरतात. ज्या ब्रीडरशी बोलतेय त्यांच्याकडे सध्या दोन वेतांची पिल्लं आहेत, एक एफ-१-बी आणि एक एफ-२. त्यांचं म्हणणं, "दोन्ही डूडलच, केस गळायचा प्रश्नच नाही. एफ-१-बी पंचाहत्तर टक्के पूडल, एफ-२ पन्नास टक्के, एवढाच फरक."

मुलीने मात्र एफ-२ मधलं एक पिल्लू पाहिलं आणि तिथेच त्याचं नाव कापूस ठेवून मोकळी झाली. सात आठवड्यांचं आहे. अंगावर मऊ, किंचित लाटदार केस, कान रेशमी, तोंड एकदम गुळगुळीत, अगदी गोल्डनच्या पिल्लासारखं. त्याची भावंडं मात्र झिपरी आहेत, डोळ्यांवर केस आलेले.

तर प्रश्न असे: हे एफ आणि आकडे म्हणजे नेमकं काय? एका आईची पिल्लं इतकी वेगळी कशी दिसतात? आणि आम्ही कुठलं घ्यावं?

शेरूचा बाबा

डोळे झाकून एफ-१-बी घ्या. आमचा दोन वर्षांचा आहे. सोफ्यावर एक केस सापडला तर शपथ.

निवृत्त मास्तर

आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे पहिला प्रश्न माझा.

यातला एफ हा लॅटिन शब्दावरून आलाय, अर्थ साधारण 'संततीची पिढी'. बरेच जण तो 'फर्स्ट'चा एफ समजतात, तसं नाही. मेंडेलच्या वाटाण्यांच्या गणितात शाळेत शिकलात तोच हा एफ-१ आणि एफ-२. शुद्ध गोल्डन आणि शुद्ध पूडल यांचं पिल्लू एफ-१. दोन एफ-१ एकत्र आणले की एफ-२. एफ-१ चा जोड परत मूळच्या एखाद्या जातीशी लावला की एफ-१-बी. हा बी म्हणजे बॅकक्रॉस, मागे वळून केलेला संकर. त्यापुढे मात्र बोलीत गोंधळ आहे. एफ-२-बी म्हणजे काही जण एफ-१ गुणिले एफ-१-बी धरतात, काही जण एफ-२ गुणिले पूडल. म्हणून लेबल ऐकून समाधान मानू नका, आई कोण आणि बाप कोण ते विचारा.

आता टक्के. एफ-१ मध्ये पन्नास-पन्नास हे पक्कं, कारण निम्मी गुणसूत्रं आईकडून आणि निम्मी बापाकडून. कुत्र्यात गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. एफ-१-बी मध्ये पूडल पालकाकडून निम्मा वाटा आला, तो नक्की. उरलेला निम्मा एफ-१ पालकाकडून येतो, आणि तो पत्ते पिसून वाटल्यासारखा. एका पिल्लाच्या वाट्याला पूडलची पानं जास्त, दुसऱ्याला गोल्डनची. सरासरी पंचाहत्तर, पण प्रत्येक पिल्लू पंचाहत्तर नाही. एफ-२ मध्ये तर दोन्ही बाजूंनी पत्ते पिसलेले. तुम्ही पाहिलेली भावंडं इतकी निरनिराळी दिसतात ती त्यामुळेच.

कंगवा_कात्री

मास्तरांनी पाया घातलाय, आता केसांचं मी सांगते. चौदा वर्षं कुत्र्यांचे केस कापते, त्यात डूडल इतके की स्वप्नातही गुंता सोडवत असते.

रानजाई, आधी तुमच्या कापसाबद्दल, कारण तुमच्या वर्णनात उत्तर आलेलंच आहे. 'तोंड एकदम गुळगुळीत'.

पूडलच्या मिशा, भुवया, दाढी असतात ना, त्यासाठी एक वेगळा जीन असतो. आम्ही त्याला फर्निशिंग म्हणतो, इथे दाढीमिशा म्हणू. पूडलकडे त्याच्या दोन प्रती, गोल्डनकडे एकही नाही. एक प्रत मिळाली तरी दाढीमिशा येतात, म्हणून एफ-१ पिल्लं सगळी झिपरी. पण त्या प्रत्येकाजवळ प्रत एकच. असे दोन झिपरे एकत्र आले की साधारण चारातल्या एका पिल्लाला ती प्रत कुणाकडूनच मिळत नाही. कापूस त्या चौथ्यातला. आठ पिल्लांत दोनच निघतील असं नाही हं, एकही नसेल किंवा चारही असतील. पाच ते आठ आठवड्यांत हा फरक नाकावर दिसायला लागतो: डोळ्यांच्या मधोमध आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना केस फुटून उलटे वळायला लागले तर दाढीमिशा आहेत. सात आठवड्यांनाही तोंड साफ असेल तर ते बहुतेक साफच राहणार.

आणि गळण्याशी सगळ्यात मोठा संबंध या दाढीमिशांचा आहे. त्या नसलेलं पिल्लू कुरळं असलं तरी गळतं. कापसाचे कान, शेपटी, पाय यांवर छान झालर येईल, तोंड देखणं राहील, आणि केस बहुतेक गोल्डनसारखेच गळतील. 'दोन्ही डूडलच' म्हणणारा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही, पण त्याने आपलीच पिल्लं नीट पाहिलेली नाहीत.

बाकीचे दोन जीन पटकन सांगते. एक लांबीचा. पूडल आणि गोल्डन दोघांचेही केस लांब, त्यामुळे तुमच्याकडे तो प्रश्न नाही. लॅब्राडॉरचा क्रॉस असता तर होता: तिथे आखूडपणा वरचढ ठरतो, म्हणून पहिल्या पिढीतली लॅब्राडूडल बऱ्याचदा राठ, विस्कटलेली दिसतात, जाहिरातीतल्या टेडीसारखी नाहीत. दुसरा कुरळेपणाचा. दोन प्रती असल्या तर मेंढीसारखं, एक असली तर लाटदार, एकही नसली तर सरळ. २००९ साली ऐंशीएक जातींच्या हजारावर कुत्र्यांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी दाखवलं की जातिवंत कुत्र्यांच्या केसांतला बहुतेक फरक या तीनच जीन्सच्या जोडण्यांतून येतो. मी ते वाचलं तेव्हा हसले, कारण टेबलावर उभ्या असलेल्या कुत्र्यात मी वर्षानुवर्षं तेच बघत आले होते, नुसती नावं माहीत नव्हती.

आता एफ-१-बी. मास्तरांनी 'मूळच्या एखाद्या जातीशी' म्हटलंय, ते दोनदा वाचा. बी पूडलकडे असेल तर प्रत्येक पिल्लाला दाढीमिशांची निदान एक प्रत मिळतेच. पण बी गोल्डनकडे असेल तर निम्मी पिल्लं गुळगुळीत तोंडाची निघतील, आणि लेबल तेच, एफ-१-बी. तुमचे ब्रीडर पंचाहत्तर टक्के पूडल म्हणतायत म्हणजे पूडलकडेच असावा, तरी आई-बाप दोघांनाही डोळ्यांनी बघा. गालातून कापसाच्या काडीने नमुना घेऊन होणारी तपासणी असते, तिच्यात या तिन्ही जीन्सच्या किती प्रती आहेत ते कळतं. नीट काम करणारे ब्रीडर पालकांची ती करून ठेवतात. आणि केसांचं विचारताय तेव्हाच कंबरेच्या सांध्यांचा आणि डोळ्यांचा रिपोर्टही मागा. क्रॉस म्हणून आजार आपोआप टळतात असं नाही, काही डोळ्यांचे आजार दोन्ही जातींत सापडतात.

आता शेरूच्या बाबांना एक विचारते. किती आठवड्यांनी कापून घेता?

शेरूचा बाबा

दर सहा आठवड्यांनी. आणि हो, वर्षाचा व्हायच्या आधी एकदा पूर्ण टक्कल करावं लागलं होतं. ते लिहायचं राहिलं.

कंगवा_कात्री

तेच तर! ते कधी कुणी लिहीत नाही.

न गळणारा केस जागेवरून सुटतो, पण खाली पडत नाही. शेजारच्या कुरळ्यात अडकून बसतो. सहा महिने ते वर्ष या काळात पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येतात, तेव्हा दोन्ही एकमेकांत गुंततात. मागे एक नऊ महिन्यांची कुत्री आली होती. मालकीणबाई म्हणाल्या, "रोज ब्रश करते हो." खोटं नव्हतं ते. वरून अशी फुललेली, फोटो काढावा अशी. मी काखेतून स्टीलचा कंगवा घातला तर अर्ध्या बोटावर अडला. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मांड्यांच्या आत, सगळीकडे मुळाशी नमदा. मशीन घातलं तर तो सलग निघाला, एखाद्या जॅकेटसारखा, टेबलावर तसाच उभा राहिला. खालची कातडी लाल. वर आदल्या दिवशी आंघोळ घातलेली, म्हणजे गुंता आणखी आवळलेला.

ब्रश वरून फिरतो, मुळापर्यंत जात नाही. एका हाताने केसांचा थर उचलून धरायचा, खालून एक-एक रेघ सोडत कातडीपासून विंचरायचं, आणि शेवटी कंगवा कुठेही न अडता आरपार गेला तरच झालं म्हणायचं. तेही आंघोळीच्या आधी. कुरळ्या एफ-१-बी ला हे आठवड्यातून तीन-चार वेळा, केसांच्या बदलाच्या काळात रोज. जमणार नसेल तर केस आखूड ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

निवृत्त मास्तर

ॲलर्जीबद्दल कुणीच बोललं नाही, आणि रानजाईंचा खरा प्रश्न तोच दिसतो.

माणसाला ॲलर्जी केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात काही प्रथिनं असतात, ती नडतात. त्यांतल्या मुख्य प्रथिनाचं नाव कॅन एफ-१ (योगायोग बघा, पण या एफ चा पिढीशी संबंध नाही). २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात, ज्यांना ॲलर्जीमुक्त म्हटलं जातं अशा लॅब्राडूडल, पूडल वगैरेंच्या केसांत हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा उलट जास्त सापडलं, आणि घरातल्या हवेत फरक आढळला नाही.

लॅब्राडूडल गाजला त्याची गोष्टही हेच सांगते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईतल्या एका अंध बाईंची मागणी आली. त्यांच्या नवऱ्याला ॲलर्जी होती. कॉनरननी आधी पूडल वापरून पाहिले, ते त्या कामाला उतरले नाहीत, म्हणून लॅब्राडॉरशी संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ नमुन्यादाखल हवाईला पाठवली, तर तिघांतलं एकच त्या नवऱ्याला सोसलं. एकच वेत, तिन्ही एफ-१. पुढे लोकांनी त्याचा बाजार मांडला तेव्हा, आपण हे सुरू केल्याचा पश्चात्ताप होतो, असं खुद्द कॉनरन म्हणाले.

तेव्हा नवऱ्याला पिल्लापाशी घेऊन जा. पिढी बघून त्याच्या शिंका ठरणार नाहीत.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिघं जाऊन आलो.

एफ-१-बी ची आई एफ-१ आणि बाप पूडल. दोघांनाही पाहिलं, बापाचा तपासणीचा कागदही पाहिला, दाढीमिशांच्या आणि कुरळेपणाच्या दोन-दोन प्रती. आईचा कागद "शोधून देतो" म्हणाले. कंगवा_कात्री ताई, तुमचं वाचून मी आईच्या काखेत बोटं घालून पाहिली. गुंता होता. ब्रीडरचं तोंड बघण्यासारखं झालं.

आता गंमत. नवरा एफ-१-बी च्या पिल्लांत अर्धा तास बसला, अकरा शिंका. मुलगी मोजत होती. मग हात-तोंड धुऊन, शर्ट बदलून कापसाला मांडीवर घेऊन चाळीस मिनिटं बसला. दोन शिंका. मुलगी तेव्हापासून जी माझ्याकडे बघतेय!

कंगवा_कात्री

काखेत बोटं घातलीत, जिंकलंत.

पण एका भेटीवर जाऊ नका. या वेळी कापूस शेवटी होता, पुढच्या वेळी त्याच्यापासून सुरुवात करा. निदान तीन भेटी, दिवस वेगवेगळे. पिल्लू वाढलं की कोंडाही वाढतो, तेव्हा कापसाच्या आई-बापांपाशीही तासभर काढा. ॲलर्जीच्या डॉक्टरांना विचारून घ्या. तरी दोनच शिंका आल्या तर आणा कापसाला, पण केस गळणार आहेत हे धरून चाला. काळे कपडे घालायची सवय असेल तर मोडा, आणि व्हॅक्यूम क्लीनर चांगला घ्या.

शेरूचा बाबा

आणि एफ-१-बी च घेतलंत तर ताईंचा नंबर आधी घेऊन ठेवा.