मिश्र देशी वृक्षलागवडीत गुंतवणूक: हेक्टरी १,१११ झाडांचा हिशोब खरा धरायचा का?

पाऊलवाट: एका योजनेचं माहितीपत्रक हाती आलंय. हेक्टरी १,१११ रोपं (३ × ३ मीटर), उष्ण कटिबंधातल्या आठ देशी जातींची मिश्र लागवड, २० वर्षांनी तोड. प्रत्येक झाडामागे १ घनमीटर लाकूड धरलंय आणि प्रमाणित वनव्यवस्थापनाचं प्रमाणपत्रही जोडलंय. पैसे घालण्याआधी नेमकं काय तपासू?

घेरमाप: आधी त्या १ घनमीटरकडे बघा. एवढं लाकूड भरायला छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास ४० सेंमी तरी लागतो. असं एक खोड ०.१२६ चौरस मीटर जागा व्यापतं. १,१११ खोडांची बेरीज होते जवळपास १४० चौरस मीटर. घनदाट पर्जन्यवनात हाच आकडा हेक्टरी ३० ते ४० च्या आसपास असतो. म्हणजे त्यांनी रोपं मोजलीत, शेवटी उभी राहणारी झाडं नव्हेत.

खरा क्रम साधारण असा: पाचव्या-सहाव्या वर्षी, शेंडे एकमेकांना भिडले की पहिली विरळणी (मधली कमजोर झाडं कापून बाकीच्यांना जागा देणं) करून ६०० झाडं ठेवायची, दहाव्याच्या सुमारास ३५०, पंधराव्याला २००. शेवटी उरलेल्या एका झाडाचा आठ मीटर ओंडका घ्या, मध्यावर घेर ८५ सेंमी. घनफळ ०.४६ घनमीटर. २०० झाडांचे ९२ घनमीटर, १,१११ नव्हेत! आणि खरेदीदार 'पाव घेराचा वर्ग गुणिले लांबी' या मापाने मोजत असेल, तर तोच ओंडका ०.३६ भरतो. कुठलं माप, सालीसकट की साल वजा करून, हे करारात लिहून घ्या.

सावलीतलं रोप: वरच्या हिशोबात एक भर. पहिल्या विरळणीत बल्ल्या आणि सरपण निघतं, त्यात बऱ्याचदा तोडणीची मजुरीही सुटत नाही. म्हणून ती पुढे ढकलली जाते, आणि घोटाळा तिथेच होतो. दाटीत खालच्या फांद्या वाळत जातात. हिरवा माथा झाडाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा आखडला की नंतर कितीही जागा मोकळी करा, खोड फार सावकाश जाड होतं.

आता मिश्रण. 'आठ जाती' हे जाहिरातीत छान दिसतं, पण मांडणी विचारा. भराभर वाढणारं आणि सावकाश वाढणारं झाड आलटून पालटून लावलं, तर तिसऱ्या वर्षी सावकाश वाढणारं खाली दबतं. एका जातीच्या नऊ-नऊ रोपांचे चौकोन, किंवा दोन ओळी एकीच्या, दोन दुसरीच्या, असं बरं पडतं: विरळणीत कोण ठेवायचं ते त्या त्या चौकोनात ठरवता येतं. नत्र स्थिर करणारी (हवेतलं नत्र मातीत आणणारी) जात मधे असावी, पण ती वेळेवर छाटली जाणार का, तेही विचारा.

घेरमाप: 'देशी' म्हणजे कुठलं, हेही. साग भारतात देशी, मध्य अमेरिकेत पाहुणा. महोगनीचं बरोबर उलट.

पाऊलवाट: यादीत महोगनीच्या कुळातल्या दोन जाती आहेत. त्यांना कीड लागते म्हणतात?

सावलीतलं रोप: शेंडा पोखरणारी अळी. कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा वाळतो, खालून दोन-तीन फुटवे येतात आणि खोड दुभंगतं. झाड सहसा मरत नाही, पण तळाचा सरळ ओंडका, म्हणजे सगळी किंमत, दोन मीटरवर संपते. बाजूच्या झाडांची सावली असली की हल्ला कमी होतो (मिश्र लागवडीचा एक खरा फायदा), पण थांबत नाही. फुटव्यांतला एकच सरळ ठेवून बाकीचे लगेच कापायला माणूस हवा. निदान सहा मीटर उंचीपर्यंत हे काम सुटत नाही.

फांद्यांचंही तसंच. बुंध्याशी ३ सेंमी जाड होण्याआधी छाटाव्यात. उशीर झाला की गाठ मोठी राहते आणि फळीचा दर पडतो. एका वेळी निम्म्याहून जास्त माथा काढू नये.

हिशोबनीस: वेळेचाही हिशोब घाला. वर्षाला ८ टक्के परताव्याच्या दराने पाहिलं तर २५ वर्षांनी येणाऱ्या १०० ची आजची किंमत साडेचौदा. तोड २० ऐवजी २५ व्या वर्षी गेली, तर परतावा बराच ढासळतो. आणि ते प्रमाणपत्र व्यवस्थापनाचं आहे, नफ्याचं नव्हे. करारात विरळणीचा खर्च कुणाचा, ती ठरल्या वर्षी झाली नाही तर काय, आणि वणव्यात गेलेल्या झाडांचा हिशोब कसा, ही तीन कलमं शोधा. न सापडल्यास सही करू नका.

पाऊलवाट: आत्ताच पाहिलं. विरळणी हा शब्दच नाहीये त्यात.