मदत हवी आहे : युरोपातील पाच शहरांसाठी गाइडसह टूर निवडायच्या आहेत (तातडीचे)

वाटसरू_ठाणे | २२ मार्च, रात्री ९.१०

नमस्कार. मे महिन्यात आम्ही रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पॅरिस आणि ॲमस्टरडॅम असा प्रवास करणार आहोत. विमान, रेल्वे आणि हॉटेले यांची आरक्षणे झाली असून त्यांत आता बदल होणार नाही. प्रश्न फक्त गाइडसह घ्यायच्या टूरचा आहे. एका संकेतस्थळावर मी अशा ११ टूर कार्टमध्ये टाकून ठेवल्या आहेत. त्यांत रोममधले व्हॅटिकन संग्रहालय आणि कलोसियम, फ्लॉरेन्समधले उफ्फिझी कलासंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, व्हेनिसमधला डोजेचा (तिथल्या जुन्या शासकाचा) राजवाडा आणि गोंडोला होडीतली फेरी, पॅरिसमधले लूव्र संग्रहालय आणि आयफेल टॉवर, पॅरिसजवळचा व्हर्साय राजवाडा, ॲमस्टरडॅमची कालव्यांतील फेरी आणि ट्यूलिपची बाग एवढे सगळे आले. सगळ्या एकत्र घेतल्यास १० टक्के सवलत आहे, पण ती उद्या रात्रीपर्यंतच आहे. सवलत धरूनही रक्कम तीन लाखांच्या घरात जाते. यांतल्या कोणत्या ठेवाव्यात आणि कोणत्या काढाव्यात, एवढेच सांगावे. व्हिसा मिळाला आहे आणि विमाही काढला आहे, त्यामुळे कृपया त्यावर चर्चा नको.

जुनाजाणता | रात्री ९.३२

तुमच्या प्रश्नात शहरे आहेत, पण माणसे नाहीत. किती जण आहात, वये काय आहेत, चालणे कितपत झेपते आणि कोणत्या तारखेला कुठे आहात, हे कळल्याशिवाय ११ टूरपैकी कोणती काढा हे कोणी कसे सांगणार?

कुटुंबवत्सल | रात्री ९.४०

माझे स्पष्ट मत असे आहे की, पहिल्यांदा जाणाऱ्याने एखाद्या टूर कंपनीबरोबरच जावे. आम्ही गेलो तेव्हा सकाळी बसमध्ये बसायचे आणि रात्री वरणभात जेवायचा, यापलीकडे डोक्याला काही ताप नव्हता. सोबतीला चाळीस मराठी माणसे असतात, अंताक्षरी रंगते आणि सामानसुद्धा आपल्याला उचलावे लागत नाही.

वाटसरू_ठाणे | रात्री ९.५५

कुटुंबवत्सल, आरक्षणे झाली आहेत असे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे.

जुनाजाणता, आम्ही चौघे आहोत. तारखा अशा: २ ते ५ मे रोम, ५ ते ७ फ्लॉरेन्स, ७ ते ९ व्हेनिस, ९ ते १२ पॅरिस, १२ ते १५ ॲमस्टरडॅम. संकेतस्थळावर आता फक्त पैसे भरायचे आहेत, दिवस नंतर निवडता येतो. मी ढोबळमानाने ३ तारखेला व्हॅटिकन, १२ ला सकाळी लूव्र (दुपारची रेल्वे आहे) आणि १३ ला ट्यूलिप असे धरले आहे.

डच_कोकणी | रात्री १०.२०

मी गेली नऊ वर्षे ॲमस्टरडॅमजवळ राहतो. तुमच्या तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या आणि सांगायला वाईट वाटते, पण तुम्ही धरलेले तिन्ही दिवस चुकले आहेत. ३ मे हा रविवार आहे, आणि महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद असते. १२ मे हा मंगळवार आहे, आणि लूव्र दर मंगळवारी बंद असते. क्यूकेनहोफ, म्हणजे तुमची ट्यूलिपची बाग, वर्षातून जेमतेम आठ आठवडे उघडी असते आणि यंदा १० मे रोजी मिटते. तुम्ही इथे उतराल त्याच्या दोन दिवस आधीच तिच्या फाटकाला कुलूप लागलेले असेल. दिवस नंतर निवडा असे सांगून जे आधी पैसे घेतात, ते हे सांगायला बांधील नसतात.

बागेऐवजी शेतातले ट्यूलिप पाहू असे कोणी सुचवील, म्हणून आधीच लिहून ठेवतो. इथला शेतकरी ट्यूलिप लावतो तो त्याच्या जमिनीतल्या कांद्यासाठी (कंदासाठी), फुलासाठी नव्हे. फूल पुरते उमलले की कांदा पोसावा म्हणून यंत्राने फुलांची डोकी छाटून टाकतात. मेच्या मध्याला बहुतेक शेतांत नुसती हिरवी पाती उभी दिसतात. त्याऐवजी तासभराची कालव्यातील फेरी घ्या. मोठ्या काचेच्या बोटीत ध्वनिमुद्रित माहिती असते, तर लहान उघड्या बोटीत चालवणारा माणूसच गप्पा मारत माहिती सांगतो. मला दुसरी अधिक आवडते.

मीनाक्षी_कलाशिक्षिका | रात्री १०.४५

दिवसांचे गणित जमेल, पण गाइड कुठे हवा आणि कुठे नको हा मूळ प्रश्न राहूनच जातो आहे. तीस वर्षे मी मुलांना चित्रकला शिकवली. व्हॅटिकनमध्ये जाण्यापूर्वी मायकेलअँजेलोविषयी मला सारे काही ठाऊक आहे असा माझा समज होता. तिथल्या सिस्टाइन चॅपेल या प्रार्थनागृहात बोलायला मनाई असल्यामुळे आमच्या गाइडने आधीच अंगणातल्या एका फलकापुढे आम्हांला वीस मिनिटे उभे केले. मायकेलअँजेलोने त्या चॅपेलचे छत रंगवले ते १५०८ ते १५१२ या काळात, तर वेदीमागच्या भिंतीवरचे 'अंतिम निवाडा' हे चित्र १५४१ साली पूर्ण झाले. त्या दोहोंमधल्या काळात माणसाचा हात कसा बदलला, हे तिने त्या फलकावर बोटाने दाखवले. आत गेल्यावर रखवालदार दर दोन मिनिटांनी शांततेची सूचना देत होता आणि आजूबाजूचे लोक नुसते वर पाहून मान अवघडून घेत होते. मी मात्र नेमके काय पाहायचे हे ठरवूनच आत गेले होते. व्हॅटिकन आणि उफ्फिझी या दोन ठिकाणी गाइड घ्याच, असे मी आग्रहाने सांगेन. डेव्हिडसाठी गाइड नको. पाच मीटरहून उंच असलेला तो पुतळा समोर उभा राहिला की कोणी काही सांगण्याची गरज उरत नाही.

फुकटफिरस्ता | रात्री ११.०५

मीनाक्षीताई, क्षमा करा, पण उफ्फिझीत अडीच तास गाइडच्या मागे फिरणे ही प्रत्येकाला झेपणारी गोष्ट नाही. जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात विनामूल्य पायी फेऱ्या असतात. सकाळी चौकात जायचे, रंगीत छत्री घेतलेला मुलगा शोधायचा आणि शेवटी मनाला येईल ते द्यायचे. मी चार शहरे अशीच पाहिली आहेत. संग्रहालयांत ध्वनिमार्गदर्शक यंत्र पुरते. तीन लाख रुपये गाइडवर घालवणे मला मान्य नाही.

मीनाक्षी_कलाशिक्षिका | रात्री ११.१८

त्या फेऱ्या विनामूल्य असतात हा गैरसमज आहे. तो मुलगा त्या बक्षिशीवरच जगतो, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाने दोन नाणी हातावर ठेवून निघून येणे मला तरी जमणार नाही. शिवाय त्या फेऱ्या रस्त्यावरच्या असतात आणि संग्रहालयाच्या दारापाशी संपतात. प्रश्नकर्त्याने विचारले आहे ते दाराच्या आतले.

रांगेतला_माणूस | २३ मार्च, सकाळी ७.५०

यात माझा एक कडू अनुभव नोंदवतो. एका मध्यस्थ संकेतस्थळावरून, रांग टाळून प्रवेश मिळेल अशा आश्वासनावर मी कलोसियमची तिकिटे दुपटीहून अधिक दराने घेतली. टळली ती तिकीट खिडकीची रांग. सुरक्षा तपासणीची रांग कोणालाच चुकत नाही आणि आम्ही तिच्यातच पाऊण तास उन्हात उभे होतो. कलोसियमची साधी तिकिटे त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर १८ युरोंना मिळतात आणि भेटीच्या ३० दिवस आधी खुली होतात. तिकिटावर नाव असते, म्हणून पासपोर्टवर आहे तसेच नाव घाला आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

जुनाजाणता | सकाळी ८.१५

चौघांची वये अजून कळलेली नाहीत. हा प्रश्न मी दुसऱ्यांदा विचारतो आहे, कारण त्यावर पैशांचा मोठा हिशेब अवलंबून आहे.

वाटसरू_ठाणे | सकाळी ९.०५

क्षमस्व, रात्री झोपायला गेलो होतो. मी, पत्नी, १५ वर्षांचा मुलगा आणि माझी ७१ वर्षांची आई. आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली आहे. ती चालते, पण सलग तासाहून अधिक नाही.

जुनाजाणता | सकाळी ९.३०

हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते.

आधी मुलाचे पाहू. १८ वर्षांखालील मुलांना कलोसियम, उफ्फिझी, डेव्हिड असलेली अकादेमिया, लूव्र आणि व्हर्साय इथे प्रवेश विनामूल्य आहे, मग ते कोणत्याही देशाचे असोत. वेळ मात्र बहुतेक ठिकाणी राखून ठेवावी लागते. व्हॅटिकनमध्ये सवलत आहे, पूर्ण माफी नाही. तुमच्या कार्टमध्ये मुलाचे पैसे मोठ्या माणसाइतकेच लावले आहेत का, ते तपासा. लावले असतील तर ती १० टक्के सवलत तुम्ही आधीच परत केली आहे.

आता आई. गटासोबतच्या टूरमध्ये प्रत्येकाच्या कानाला एक लहान यंत्र लावतात आणि गाइड पुढे चालत हळू आवाजात बोलत असतो. माझे वडील बरोबर होते तेव्हा दर दहा मिनिटांनी कानात खरखर सुरू व्हायची, आणि खरखर सुरू झाली की आपण मागे पडलो हे समजायचे. पंचवीस जणांचा गट एका माणसासाठी थांबत नाही. शेवटी वडील यंत्र खिशात घालून बाकावर बसले आणि आम्ही पैसे भरून अर्धेच ऐकले. तुम्ही चौघे आहात. दोनच ठिकाणी, पण फक्त तुमच्यापुरता परवानाधारक गाइड घ्या. तो आईंच्या चालीने चालेल आणि बाकी ९ टूर काढून टाकल्यामुळे पैसेही उरतील. व्हॅटिकन आणि लूव्र दोन्हीकडे चाकांची खुर्ची विनामूल्य मिळते. कलोसियममध्ये वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट आहे.

फुकटफिरस्ता | सकाळी ९.५०

७१ वर्षांच्या आजी बरोबर आहेत हे मला ठाऊक नव्हते. पायी फेरीचा सल्ला मागे घेतो. ध्वनिमार्गदर्शकाचा मात्र घेत नाही, कारण ते हवे तिथे थांबवता येते आणि कोणावर रुसत नाही.

अडाप्टर_बाळ | सकाळी १०.१०

इटलीतील प्लगची छिद्रे वेगळी असतात, त्यामुळे सर्व देशांत चालेल असा ॲडाप्टर इथूनच घेऊन जावा.

लगूनवेडी | सकाळी १०.४०

व्हेनिसबद्दल कोणीच लिहिले नाही. गोंडोलासाठी टूर घेऊ नका. महापालिकेने ठरवलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो असून तो माणशी नसून संपूर्ण गोंडोलाचा आहे. त्यात पाच जण बसतात, म्हणजे तुम्ही चौघे आरामात मावाल. संध्याकाळी सातनंतर तो ११० होतो. डोजेच्या राजवाड्यासाठी साधे तिकीट पुरेल. आईंचा गुडघा पाहता खरी अडचण पुलांची आहे, कारण बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. त्यामुळे हॉटेल वापोरेत्तोच्या (तिथल्या सार्वजनिक बोटीच्या) थांब्यापासून किती पूल दूर आहे ते आजच नकाशावर मोजा. दिवसापुरते येणाऱ्या पर्यटकांकडून शहर काही ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेते. मुक्कामी असणाऱ्यांना ते माफ आहे, पण त्या माफीची नोंद आधी ऑनलाइन करून ठेवावी लागते.

वाटसरू_ठाणे | दुपारी १.१५

सर्वांचे आभार. कार्ट तपासली. मुलाचे पूर्ण पैसे लावले होते आणि ट्यूलिपची टूर १३ मे या तारखेसाठी दाबली तर उपलब्ध नाही असे आता दिसते, काल दिसत नव्हते कारण काल मी दिवस निवडलाच नव्हता. कार्ट रिकामी केली आहे. नवी आखणी अशी: सोमवारी ४ मे रोजी सकाळी खासगी गाइडसह व्हॅटिकन, बुधवारी ६ मे रोजी खासगी गाइडसह उफ्फिझी, ११ तारखेला सोमवारी लूव्र आपले आपण. रविवारी ३ तारखेला कलोसियम आपले आपण ठेवले तर चालेल का? आणि व्हर्साय कधी करावे?

रांगेतला_माणूस | दुपारी १.४०

३ मे हा महिन्याचा पहिला रविवार आहे. त्या दिवशी इटलीतील सरकारी संग्रहालये आणि कलोसियमसुद्धा सर्वांना फुकट असतात. अख्खे रोम तिथे लोटते, त्यामुळे आईंना त्या दिवशी तिथे नेऊ नका. ४ तारखेला सकाळी व्हॅटिकन, मग हॉटेलवर विश्रांती आणि उशिरा दुपारी कलोसियम असे करा. त्याची तिकिटे ४ एप्रिलला खुली होतील. रविवारी दुपारी बाराला पोप सेंट पीटर चौकातल्या खिडकीत येऊन आशीर्वाद देतात, त्याला तिकीट लागत नाही.

मीनाक्षी_कलाशिक्षिका | दुपारी २.०५

व्हर्साय सोमवारी बंद असते, म्हणून १० तारखेचा रविवारच उरतो. त्या दिवशी कारंजी चालू असतात, पण गर्दीही तशीच असते आणि बागेचा विस्तार प्रचंड आहे. माझे ऐकाल तर व्हर्साय गाळा आणि त्या दिवशी आयफेल करा. आयफेलची लिफ्टची तिकिटे ६० दिवस आधी खुली होतात, म्हणजे १० तारखेची एव्हाना खुली झालीच आहेत. ती आजच पाहा.

डच_कोकणी | दुपारी ३.३०

ॲमस्टरडॅमच्या यादीत ॲन फ्रँकचे घर नाही, ते मुद्दाम वगळले आहे का?

वाटसरू_ठाणे | दुपारी ३.४५

मुद्दाम नाही. कुठल्याच टूरमध्ये ते दिसले नाही. आई शाळेत मराठी शिकवायची आणि ॲनच्या डायरीतले उतारे वर्गात वाचून दाखवायची, त्यामुळे तिला तिथे जायचेच आहे.

डच_कोकणी | दुपारी ४.१०

टूरमध्ये दिसणार नाही, कारण त्या घराची तिकिटे फक्त त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतात. दर मंगळवारी सकाळी दहाला सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची तिकिटे खुली होतात. तुमच्यासाठी तो मंगळवार म्हणजे ३१ मार्च. २९ मार्चला आमची घड्याळे तासभर पुढे जातात, म्हणून तुमच्याकडे तेव्हा दुपारचे दीड वाजलेले असतील, अडीच नव्हे. एक मात्र स्पष्ट सांगतो: ॲनचे कुटुंब जिथे लपून राहिले त्या मागच्या घरातले जिने अरुंद आहेत आणि शिडीसारखे उभे आहेत. आत लिफ्ट नाही. आईंना हे आधी सांगा.

वाटसरू_ठाणे | ३१ मार्च, दुपारी ३.०५

दीड वाजता माझी बैठक होती, म्हणून पत्नी बसली. बराच वेळ ऑनलाइन रांगेत काढल्यावर १४ मे रोजी सकाळची चार तिकिटे मिळाली. आईला जिन्याबद्दल सांगितले. ती म्हणाली, "गिरगावातल्या चाळीत माळ्यावरून आम्ही शिडीला पाठ करून कधी उतरलो नाही, तोंड शिडीकडे ठेवूनच उतरायचो. तिथेही तशीच उतरेन."

डच_कोकणी | दुपारी ३.२०

इथले लोकही तसेच उतरतात. मुलाला मात्र आईंच्या पुढे, खालच्या बाजूला ठेवा.