विजेची गाडी, घरची बॅटरी आणि आपल्या गावची लाइन

राळेगावचा मास्तर: शाळेचं जाणं-येणं रोज 70 किलोमीटर. महिन्याचे 25 दिवस धरले तर 1,750. जुनी पेट्रोल गाडी लिटरला 16 देते, 105 च्या भावाने साडेअकरा हजार नुसते टाकीत जातात. विजेची गाडी चार्जिंगमधली गळती धरून युनिटला 7 किलोमीटर चालली तरी 250 युनिट. माझ्या बिलात वहन आकारासकट युनिट 13 च्या आसपास पडतो, म्हणजे सव्वातीन हजार. भीती एकच, लाइन जाते. म्हणून 5 युनिटची लिथियम बॅटरी घरी बसवून रात्री तिच्यावर गाडी चार्ज करावी म्हणतो. चुकतंय का?

कोरडवाहू: चुकतंय. रोज तुम्हाला 10 युनिट लागणार आणि बॅटरीतून हाती येणार 4. घागरीने हौद भरायला निघालात, तोही घागर विकत आणून. मला परवा एका डीलरने अशा बॅटरीचे 1,30,000 सांगितले. 4,000 वेळा भरली-रिकामी झाली तर 16,000 युनिट निघतील. म्हणजे साठवणुकीचाच युनिटला 8 रुपये खर्च, वीज वेगळी.

राळेगावचा मास्तर: 13 आणि 8, 21 झाले. तरी किलोमीटरला 3 रुपये! पेट्रोलला साडेसहा पडतात.

बैलबंडी: हिशेब अर्धाच लिहिला राजेहो. घरचे 120 युनिट तरी असतीन, ते कुठं गेले? 120 नि 250, 370 झाले. 300 च्या वरचे 70 युनिट पुढच्या स्लॅबमधी जाते, तिथला रेट पाहा. अन् गाडी तीन लाखांनं महाग भेटते, ते काहून सोडलं? महिन्याला आठ हजार वाचले तरी ते तीन लाख निघायले तीन वर्सं. मेच्या उन्हात बॅटरी किती टिकते, तेबी सांगा. आपल्याकडं पारा 45 च्या वर जाते, पुण्याचा हिशेब इथं चालत नाही.

कोरडवाहू: उन्हाचा मुद्दा खरा. गाडी कडुनिंबाखाली लावा, घरची बॅटरी टिनाच्या खोलीत ठेवू नका. माझ्या साध्या इन्व्हर्टरची बॅटरी टिनाखाली दोन उन्हाळ्यांत गेली. पण स्लॅबवर उपाय आहे, छतावर 3 किलोवॅट सोलर. पीएम सूर्यघरमध्ये 78,000 सबसिडी आहे. स्वच्छ उन्हात दिवसाला 12 युनिटपर्यंत मिळतात. गाडी दिवसा शाळेत असली तरी बिघडत नाही, नेट मीटरने दिवसाचे युनिट रात्री वळते होतात. साठवायला ग्रिड आहे ना, बॅटरी कशाला?

बैलबंडी: अन् लाइन गेली की तुमचं सोलरबी बंद!

कोरडवाहू: हो, साधं ऑन-ग्रिड असेल तर भर दुपारीही बंद पडतं. खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवासाठी ते तसं केलेलं असतं. म्हणूनच लाइन गेल्यावर छोट्या बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, पण त्यावर पंखे, दिवे, फ्रिज एवढंच. गाडीच्या पोटात 24 युनिट असतात, एक रात्र लाइन नसली तर दुसऱ्या दिवशी शाळा चुकत नाही.

कपाशीचा बाप: एवढी डोकेफोड काहून? शेतातल्या पंपाची वीज साडेसात एचपीपर्यंत माफ हाय. गाडी तिथंच लावा.

कोरडवाहू: भाऊ, हा सल्ला देऊ नका. ती वीज पंपासाठी आहे. भलत्या कामाला वापरली की वीज कायद्याच्या कलम 126 खाली बिल येतं. मग माफीही गेली आणि गाडीही महागात पडली.

वणीवाली: कोणी अर्थिंगचं बोललंच नाही. आमच्या घरी दोन वर्षांपासून विजेची गाडी आहे. पहिल्या मार्चमध्ये चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडायचा. कंपनीचा माणूस येऊन गेला, वायर बदलली, तरी तेच. शेवटी गावच्याच वायरमनने ओळखलं. काळी जमीन भेगाळली आणि जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पाटीला ओल राहिली नाही. बादलीभर पाणी ओतलं, पाच मिनिटांत हिरवा दिवा! आता उन्हाळाभर सासूबाई तुळशीला पाणी घालतात तेव्हा एक तांब्या अर्थिंगलाही घालतात. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी लागल्या की व्होल्टेज पडतं आणि चार्जर बंद पडतो, म्हणून आम्ही रात्री अकरानंतर लावतो.

बैलबंडी: पाह्यलं? पेट्रोलच्या गाडीले असं पाणी घालावं लागत नाही.

राळेगावचा मास्तर: रेडिएटरला घालता ना, भाऊ! बरं, मोठी बॅटरी रद्द. सोलर, आणि दिव्या-पंख्यापुरती छोटी बॅटरी. ताई, अर्थिंगचा खड्डा किती फूट घेतला होता, आणि मंजूर भार वाढवून घेतला का? माझा अजून एकच किलोवॅट आहे.