गाडी लागते? आपापले अनुभव सांगा

गणपती जवळ आले की कोकणात जायची तयारी सुरू होते आणि कितीतरी घरांत एखाद्याच्या पोटात आधीच गोळा येतो. गाडी लागणं हे नाटक नाही आणि नाजूकपणाही नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला कळवत असतो की आपण वळतोय, हिंदकळतोय. डोळे मात्र समोरच्या सीटवर नाहीतर मोबाईलवर खिळलेले, त्यांच्या लेखी सगळं जागच्या जागी. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो, अर्धशिशी असणाऱ्यांना आणि गरोदर बायकांनाही. माझं ठाम मत आहे की उपाय गाडी सुटण्याआधी करायचे. तोंडाला पाणी सुटल्यावर उशीर झालेला असतो. तुम्हाला कशाचा उपयोग झाला ते सविस्तर लिहा.

निवृत्त एसटी वाहक, चिपळूण

माझी बरीचशी नोकरी कुंभार्ली घाटात गेली. गाडी लागणारा माणूस उलटीच्या खूप आधी ओळखू येतो. बोलता बोलता गप्प होतो, जांभया देतो, सारखा आवंढा गिळतो, मग चेहरा पांढरा पडतो आणि कपाळावर गार घाम. तिकिटं फाडता फाडता असं कोणी दिसलं की मी त्याला उठवून पुढच्या बाकावर बसवायचो. मागच्या चाकाच्या मागची बाकं वळणावर जास्त फेकली जातात, खड्ड्यात जास्त उडतात. पुढे बसून समोरचा रस्ता दिसला की पुढचं वळण आधी कळतं, शरीर तयार होतं. चालकाला सहसा गाडी लागत नाही ती यामुळेच.

एक कळकळीची विनंती. घाटात उलटीसाठी डोकं खिडकीबाहेर काढू नका, समोरून येणारी गाडी अगदी घासून जाते. पिशवी हातातच ठेवा, वरच्या सामानात नको. आणि पुढे बसलेल्यांनी अशा माणसाला जागा द्यायला कुरकुर करू नये.

आई, सातारा

मुलगी लहान असताना मागच्या सीटवर बसली की तिला खिडकीबाहेरचं काही दिसायचंच नाही, डोळ्यांसमोर फक्त दाराचं पॅनल. मुलांसाठी उंच करणारी सीट घेतली, तिला बाहेरचे डोंगर दिसायला लागले आणि त्रास निम्म्याने कमी झाला. चित्रांची पुस्तकं आणि मोबाईल घाटात बंद. आम्ही गाण्याच्या भेंड्या खेळतो.

उपाशीपोटी नेणं हाही उपाय नाही. निघण्याआधी थोडा मऊ भात किंवा कोरडी पोळी देते. वडे, मिसळ, दुधाचा चहा नाही. गाडीतला सुगंधी डबा आम्ही काढूनच टाकला, त्या गोड वासानेच तिला ढवळायचं. कुणी "आता होणार का गं तुला?" असं विचारलं तर मी तिथेच थांबवते. विचारल्याने वाढतं.

औषधांच्या दुकानात काम करते, कोल्हापूर

सुट्ट्या लागल्या की लोक "गाडी लागायची गोळी द्या" म्हणून येतात. बहुतेकांना एव्होमिन माहीत असते, तिच्यात प्रोमेथाझिन असतं. ही गोळी प्रवासाच्या तासभर तरी आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही, आणि मळमळताना पोटाचं कामही मंदावलेलं असतं. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये आणि तिच्यावर दारू तर नाहीच. दोन वर्षांखालच्या बाळाला ती देत नाहीत. मोठ्या मुलांचा डोस, गरोदरपण, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, यांत आधी डॉक्टरांना विचारा. मोठ्यांची गोळी मोडून अंदाजाने लेकराला देऊ नका.

ठाणे

आलेपाक. घाट सुरू होण्याआधी एक वडी तोंडात, हळूहळू चघळायची. मला पुरतं.

अलिबाग

गाडीत काही होत नाही, पण बोट लागते. गेटवे ते मांडवा लाँचमध्ये लोक ऊन नको म्हणून आत बसतात आणि तिथेच डिझेलचा धूर आणि लाटा एकदम अंगावर येतात. मी बोटीच्या मध्यावर, मोकळ्या हवेत बसतो आणि नजर क्षितिजावर ठेवतो. जवळच्या लाटांकडे बघत नाही. टोकाला बसलं की वरखाली जास्त होतं. भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून रो-रो (गाड्याही चढतात ती बोट) सुरू झाली, ती मोठी आणि जड असल्याने मला तरी खूपच कमी त्रास देते. वयस्कर माणसं बरोबर असली तर मी तीच घेतो.

पुणे, माहेर देवगडजवळ

फोंडा घाटाच्या भीतीने मी माहेरी जाणंच कमी केलं होतं. सासरी कोणी समजून घेत नव्हतं, "सवय होईल" एवढंच. आता पनवेलहून कोकण रेल्वेने कणकवलीला उतरते. बोगदे खूप असले तरी घाटासारखी गरगर नाही. गाडी जाते त्या दिशेला तोंड करून बसते. कणकवलीला भाऊ गाडी घेऊन येतो, मला पुढे बसवतो, काच खाली करतो आणि वळणावर सावकाश घेतो. सारखा ब्रेक, मधेच एकदम वेग, असं करत नाही. चालवणाऱ्याने एवढं केलं तरी गोळीची गरज पडत नाही. या गणपतीला पाच दिवस राहणार आहे.